सूर्यफुलाची नात

रविवारी सकाळी झाडं पाहायला जाणारे आम्ही चौघं. झाडं किती ओळखली ते विचारू नका, पण किस्से इतके जमलेत की कोणाकडे चहाला बसलो तर चहा थंड होतो, बिस्किटं संपतात आणि शेवटी घरातल्या वहिनी म्हणतात, "आता जेवूनच जा बापा!" एक सांगायला घ्यावा तर त्याच्यामागे दुसरा तयारच. परवा कोणीतरी म्हणालं, लिहून काढा. म्हटलं काढते, पण सगळे नाही. एका पिवळ्या फुलाचे तेवढे सांगते. त्या एका फुलानं आम्हाला पोळ्यापासून पुढं तीन रविवार फिरवलं!

आधी माणसं सांगते, म्हणजे घोळ नको. मी बसमध्ये कंडक्टर, रविवारी माझी सुटी. सुषमाताई सेवाग्रामकडे एका दवाखान्यात नर्स आहेत. किसनभाऊंचं वर्ध्यात कटलरीचं दुकान. आणि आमचे गुरू ढोमणे सर, आर्वीकडे मुलांना बॉटनी शिकवून रिटायर झालेले. सरांच्या गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग असतं. आंघोळीच्या वेळी काढतात, तेही मिसेसनी दटावल्यापासून.

सरांची एक खोड आहे. ते नक्की असं कधी म्हणतच नाहीत. "सर, हा तरोटाच ना?" "असावा." "सर, हा तर तुमच्याच अंगणातला जास्वंद!" "दिसतो तसा." एकदा बँकेतून त्यांना फोन आला, "ढोमणे सरच बोलताय ना?"

सर म्हणाले, "प्राथमिक अंदाज तरी तसाच आहे."

*

सरांच्या पुतणीचं लग्न होतं. आलेल्या प्रत्येकाच्या हातात एकेक जरबेराचं फूल दिलेलं, स्टेजवर जाऊन जोडप्याला द्यायला. लाईन ही एवढी लांब! सर माझ्या पुढे उभे. थोड्या वेळानं वळून म्हणाले, "कंडक्टरबाई, लोक याला एक फूल म्हणतात. हे सूर्यफुलाचं घराणं आहे. या घराण्यात एक फूल नसतंच. शेकडो बारीक फुलं एका ताटात जेवायला बसलेली असतात. ही कडेची पाकळी म्हणता ना तुम्ही? ती पाकळी नाही. तेच एक अख्खं फूल!"

"हो का सर?" मी म्हटलं. तेवढं म्हणायलाच नको होतं.

सरांनी एक उपटून माझ्या तळहातावर ठेवलं. मग दुसरं. मग मधली बारकी. लाईन सरकत होती, सर शिकवत होते, माझी ओंजळ भरत होती. स्टेजवर पोचलो तेव्हा सरांच्या हातात नुसती हिरवी दांडी. ती त्यांनी नवरदेवाच्या हातात दिली आणि गंभीरपणे म्हणाले, "यात फार फुलं होती. बाकीची बाईंकडे आहेत."

नवरदेव पाया पडला बिचारा. लग्नाच्या व्हिडिओत आहे ते सगळं.

*

पोळा झाला आणि त्यानंतरच्या रविवारी सुषमाताई उशिरा आल्या. आल्या त्या दगडावर बसल्या आणि रडायलाच लागल्या. ही बाई इंजेक्शन देताना अख्ख्या वॉर्डाला हसवते, तिला रडताना आम्ही कधी पाहिलं नव्हतं. किसनभाऊ तर पाण्याची बाटली त्यांना द्यायला निघाले आणि झाकणासकट स्वतःच्याच तोंडाला लावून राह्यले.

"आईनं जेवण सोडलं," ताई म्हणाल्या. "चहाचा घोट, पेजेचे दोन चमचे. बस. रिपोर्ट सगळे चांगले आहेत. डॉक्टर म्हणते, पोटात गेलं तर उठून बसतीन, नाई तर मनाची तयारी ठेवा. अख्ख्या वॉर्डाले खाऊ घालतो मी, अन् माझ्या मायच्या तोंडात घास नाई जाऊन राह्यला."

"काही मागत नाहीत का?" सरांनी विचारलं.

"मागते ना! एकच. म्हणते, ते पिवळ्या फुलाची भाजी आण, मंग जेवीन."

"कोणतं पिवळं फूल?"

"तेच तर मले मालूम नाई, सर."

आम्ही झाडं पाहायला गेलोच नाही त्या दिवशी. सरळ ताईंच्या घरी. खिडकीजवळ पलंग, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, आणि वाकळ पांघरून आई. नव्वदीला टेकलेली, हात एवढे बारीक की बांगडी कोपरापर्यंत जावी. डोळे उघडे, पण आमच्याकडे पाहत नव्हत्या. त्या कुठल्यातरी दुसऱ्याच सालात होत्या, आणि तिथलं ऊन चांगलं असावं, कारण चेहरा हसरा होता.

सर जमिनीवर बसले, वही काढली. "आई, त्या फुलाची पानं समोरासमोर असतात की एकाआड एक?"

आईंनी मान वळवली. "मास्तर, मी भाजी तोडाले जात होती का पानं मोजाले?"

सर ओशाळले. मग हळूच विचारलं, "दिसतं कसं ते?"

"बारकं आहे. पिवळं. दगडात येते, मुरमात." आई जरा थांबल्या. "सूर्यफूल पाह्यलं ना? त्याची नात."

सर एकदम ताठ झाले. आमच्याकडे पाहून म्हणाले, "चौथी शिकलेल्या बाईनं झाडाची फॅमिली सांगितली! माझी पोरं बारावीपर्यंत सांगत नव्हती!"

"चौथी कोण शिकलं बापा?" आई म्हणाल्या आणि डोळे मिटले.

*

किसनभाऊंच्या मोबाईलमध्ये ॲप आहे. फोटो काढा, नाव घ्या. "अरे भई, सरांना अर्धा घंटा लागते, हा पलक झपकते सांगतो!" त्यांनी त्याच दिवशी रस्त्याच्या कडेची मूठभर पिवळी फुलं आणली, ॲपनं नाव दिलं, किसनभाऊ खूश. सरांनी भिंग लावलं. एकदांडी होती. "ही बाहेरच्या देशातून आलेली आहे," सर म्हणाले. "आई म्हणतात ते इथलंच, अस्सल असावं."

तरी दाखवली. आईंनी एक नजर टाकली. "हे तर जखमेवर चोळते. मी म्हातारी झाली भाऊ, खरचटलं नाई मले!"

किसनभाऊंचा ॲपवरचा विश्वास काही हलला नाही. तिथंच बसल्या बसल्या त्यांनी आईंच्या वाकळीवरच्या पिवळ्या छापाचा फोटो काढला, गंमत म्हणून. ॲपनं लगेच सांगितलं, सूर्यफूल, भरपूर ऊन व नियमित पाणी द्यावे. त्यांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

आई म्हणाल्या, "सुषमे, वाकळीले पाणी घातलं का वं आज?"

*

आता माझ्या बसचा. बुधवारी आर्वीकडून गाडी येत होती, मधेच टायर पंक्चर. ड्रायव्हर जॅक घेऊन खाली बसला. मला काय, बाजूच्या पडीक वावरात पिवळं दिसलं. मी उतरले. दोन बाया मागून आल्या, "कंडक्टरबाई, काऊन उतरल्या?" सांगितलं, अशी अशी एक म्हातारी आहे, जेवत नाही, पिवळ्या फुलाची भाजी मागते. झालं! पाच मिनिटांत अर्धी गाडी वावरात. कोणी म्हणे माझी आजी हे खाय, कोणी म्हणे ते खाय, दोन म्हाताऱ्यांचं तर भांडणच लागलं. एक जण लॅपटॉपची बॅग पाठीवर टाकून बांधावर ओणवा. टायर लागला, ड्रायव्हर हॉर्न वाजवून राह्यला, पण कोणी येईल तर शपथ!

शेवटी सगळे चढले. प्रत्येकाच्या हातात पिवळं. माझ्या सीटवर ढीग. पुढच्या स्टॉपवर एक बाई चढली, तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि पदर सावरत मला हळूच विचारलं, "लग्नाची गाडी आहे का बाई? तिकीट लागते ना?"

तो सगळा ढीग मी संध्याकाळी पिशवीतून आईंकडे नेला. सर आले होतेच. त्यात कारळ होतं, पाथरी होती, पिवळा माका होता, शिवाय सरांनी "असावं" म्हटलेली तीन-चार. आईंना टेकून बसवलं, समोर सुपात फुलं ठेवली. आणि काय सांगू, त्यांचे हात आपोआप चालू लागले! तांदूळ निवडतात तसं एकेक उचलायचं आणि बाजूला टाकायचं.

"हे गाईले. हे शेळीले. हे गाईले. हे..." एक काडी त्यांनी उन्हात धरून पाहिली, "हे कोणालेच नाई."

पण त्यांचं ते नव्हतं. सगळं निवडून झाल्यावर सूप रिकामं पाहून त्या हिरमुसल्या. मला फार वाईट वाटलं. एवढ्या लोकांनी एवढ्या प्रेमानं तोडलं होतं. ताई मात्र दारात उभ्या राहून म्हणाल्या, "बाई, अर्धा घंटा बसली माय. पंधरा दिवसांत पहिल्यांदा."

*

ताईंनी वॉर्डातही विचारलं होतं. आईंच्या माहेराकडचे, म्हणजे समुद्रपूरकडचे पेशंट असतातच, त्यांच्या नातेवाइकांना माहीत असेल म्हणून. दोन दिवसांत पुरुषांचा वॉर्ड आणि बायांचा वॉर्ड असे दोन पक्ष पडले. पुरुष म्हणत पाथरीच, बाया म्हणत तुम्हाला काय डोंबल कळते भाजीतलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टर राऊंडला आले. पहिल्या खाटेला विचारलं, "काय काका, कसं वाटते?"

काका सलाईनचा हात वर करून म्हणाले, "माझं राहू द्या. सिस्टरच्या मायचं फूल भेटलं का?"

डॉक्टरांनी पुढच्या खाटेला विचारलं. तिथंही तेच उत्तर. सहाव्या खाटेवर डॉक्टर स्वतःच म्हणाले, "नाही भेटलं अजून. तुमचं बोला."

*

पुढच्या रविवारी आम्ही रिकाम्या हातानं गेलो. आई आणखी वाळल्या होत्या. सकाळची वेळ, पडदा हलत होता, बाहेर कोणाचं तरी उखळ चालू होतं. आम्ही पलंगाशेजारी खाली बसलो.

आई डोळे मिटूनच म्हणाल्या, "चाला."

"कोठी आई?" ताईंनी विचारलं.

"टेकडीवर. माय पुढं गेली, पाह्य."

सरांनी ओठावर बोट ठेवलं.

"हा नाला. पाणी आहे, लुगडं वर घ्या." आई हळूहळू बोलत होत्या, मधे मधे थांबत होत्या, जणू खरंच चालून दम लागतो आहे. "निंबाखालून चाला, सावली आहे. आता सराटे. पाय पाहून टाका, भाऊ."

किसनभाऊंनी मांडी घातलेले पाय झटकन वर घेतले! एरवी मी हसून हसून पडले असते. त्या दिवशी नाही हसले. कारण खरं सांगायचं तर मीही पाय आवरून घेतले होते.

"हे चढ. आता मुरूम लागला. सकायचं ऊन कसं तोंडावर येते नाई?" त्यांच्या चेहऱ्यावर खिडकीतलं ऊन होतंच. मग एकाएकी, सहा-सात वर्षांच्या पोरीच्या आवाजात त्या ओरडल्या, "माय, थांब ना वं!"

आणि झोपी गेल्या. ताईंनी तोंडाला ओढणी लावली. किसनभाऊ खिडकीबाहेर पाहत बसले.

बाहेर आल्यावर सरांनी वही दाखवली. त्यांनी सगळं उतरवून घेतलं होतं. 'नाला. निंब. सराटे. चढ. मुरूम. टेकडीची उगवतीकडची बाजू.' खाली रेघ मारून लिहिलं होतं, 'साक्षीदार पूर्ण विश्वासार्ह.'

असं वाक्य सरांनी आयुष्यात कोणाबद्दल लिहिलेलं नसेल, त्यांच्या मिसेसबद्दलसुद्धा.

*

आईंचं माहेर समुद्रपूरच्या पुढे, आत. गावाचं नाव लिहीत नाही, नाहीतर सगळे पिशव्या घेऊन जाल. त्याच्या पुढच्या रविवारी पहाटेच निघालो. बस, मग ऑटो, मग पायी. शेजारची बाई आईंजवळ बसवून ताई आमच्यासोबत आल्या. सरांच्या गळ्यात भिंग, हातात वही, किसनभाऊ मोबाईल उंच धरून. पारावर एक म्हातारे बसले होते. ते उठून उभेच राहिले. "मोजणीवाले का? रोड निघून राह्यला का इकून?"

"नाही हो काका. एक भाजी शोधतोय. टेकडीवरची."

"चौघं? एका भाजीसाठी?" त्यांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मले नाई बा मालूम. मी इथचा नोहे. जवाई आहो मी गावचा."

"कधी आलात?"

"झाले असतीन पन्नासेक साल."

नाला होता, वर आता सिमेंटचा बंधारा. निंब नव्हता, तिथं हातपंप. सराटे मात्र होते, भरपूर! किसनभाऊंच्या चपलेतून आरपार गेले. चढून वर गेलो तर सगळीकडे नुसता तांबडा मुरूम, बारीक गवत, आणि खाली लांबपर्यंत कपाशी. अर्धा तास फिरलो. पिवळं म्हणून काही दिसेना. वारा छान सुटला होता, सकाळचं ऊन अजून मऊ होतं, आणि कोणालाच परत जाऊ या म्हणायचा धीर होत नव्हता.

ताई थकून खाली बसल्या. हात टेकवला, मग तो नाकाशी नेला. "सर, शेपूचा वास कुठून येऊन राह्यला?"

आम्ही पायाखाली पाहिलं. अख्खा वेळ आम्ही त्याच्यावरच उभे होतो! चार बोटं उंचीची झाडं, पानं बारीक चिरलेली, आणि मसुरीच्या डाळीएवढी पिवळी फुलं. आम्ही सूर्यफुलाची नात शोधत लांब लांब पाहत होतो, आणि नात रांगत होती!

सर पोटावर आडवे झाले. भिंग, फूल, भिंग, बी. कडेला पाकळी कुठं एकच, कुठं दोन. बीच्या डोक्यावर दोन बारीक काटे.

"असावं का सर?" मी विचारलं.

"नाही."

ताईंचा चेहरा उतरला.

"असावं नाही," सर म्हणाले, "आहे. खडकशेपू. निश्चित!" उठले तेव्हा पोटभर मुरूम लागला होता आणि डोळ्यांत पाणी. "कुठून आलेलं नाही. इथलंच आहे, आपल्या आधीपासूनचं."

किसनभाऊ फोटो काढायचे विसरले. मग आम्ही चौघं तिथं खाली बसलो. नंतर ताईंनी ओढणी पसरली, थोडं इथून, थोडं तिथून, भाजीपुरतं तोडलं.

*

दुपार उतरायच्या आत घरी पोचलो. आई जाग्या होत्या. ताईंनी ओढणी तशीच त्यांच्या मांडीवर सोडली.

आईंनी एक काडी उचलली. बोटात चोळली, नाकाशी नेली आणि डोळे मिटले. मग डोळे उघडले, आणि या वेळी त्या आमच्याकडेच पाहत होत्या. एकेकाकडे.

"हेच," त्या म्हणाल्या.

किसनभाऊंनी टाळीच वाजवली! सर भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसू लागले. ताई रडत रडत हसत उठल्या, भाजी गोळा केली, आणि सैपाकघराकडे पळाल्या.

"कोठी चालली वं?" आईंचा आवाज एकदम खणखणीत.

"भाजी कराले ना, आई!"

"फुलावर गेलेली भाजी करतं? चार माणसांत नाक कापशीन माझं! निबर झाली ते. आखाडात तोडा लागते, फूल याच्या आंधी."

ताई हातात भाजी घेऊन दारातच उभ्या. आमची तोंडं उतरली. सर कसेबसे म्हणाले, "पण आई, फूल आल्याशिवाय ओळखायची कशी?"

"मास्तर," आई म्हणाल्या, "मी येतो ना संग."

"कधी?" ताईंनी विचारलं.

"कधी म्हंजे? पुढच्या आखाडात!" आईंनी वाकळ बाजूला सारली. "अन् तवर काय उपाशी ठेवता मले? पीठ मळ. भाकर टाक."